९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकल्यावर ॲव्हरेज खरंच वाढतं का, की पंपावरचा पोरगा गंडवतोय?

वारजे_टू_सातारा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाडी बलेनो पेट्रोल, २०१९ ची, ६८ हजार किमी झालेत. घर पुण्यात वारज्याला, आईवडील साताऱ्याला, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी जायचं आणि रविवारी परत, महिन्यातून तीन वेळा तरी होतंच. बाकी आठवडाभर ऑफिस, म्हणजे चांदणी चौक ते हिंजवडी, त्याबद्दल काय बोलायचं.

तर झालं असं की महिन्यापूर्वी पंपावर पोरगा म्हणाला, सर साधं टाकू नका, ९५ टाका, किलोमीटरमागे फरक पडतो, इंजिनपण साफ राहतं. मी म्हटलं टाक. आणि खरंच फरक दिसला! एमआयडीवर (डॅशबोर्डवरची ॲव्हरेज दाखवणारी स्क्रीन) आधी १७ दाखवायची ती १८.२ दाखवायला लागली. पिकअपपण जरा बरा वाटतोय (की मला वाटतोय म्हणून वाटतोय देव जाणे). बायको म्हणते लिटरमागे साडेसात रुपये जास्त देतोस आणि वर खुश होतोस, तुझ्यासारखी गिऱ्हाईकं आहेत म्हणून पंप चालतात.

साधं आमच्याकडे १०४ च्या आसपास पडतं, ९५ वालं १११ च्या वर. आता प्रश्न असा की ऑक्टेन वाढवल्यावर ॲव्हरेज वाढतं का? वाढत असेल तर किती? आणि मधेच साधं मधेच ९५ असं केलं तर इंजिनाला काही होतं का? भाऊ म्हणतो सवय लागते गाडीला, मग साधं चालत नाही. ते तर मला दारूसारखं वाटतंय.

टाकीफुल्ल

स्वागत आहे. उत्तर द्यायच्या आधी एकच विचारतो. १७ आणि १८.२ हे दोन आकडे नक्की कुठल्या प्रवासाचे? म्हणजे कुठून कुठे, कधी, टाकीत आधी काय होतं. हे कळल्याशिवाय कुणीही काहीही सांगितलं तरी ते हवेतच.

वारजे_टू_सातारा

शुक्रवारी निघताना पुण्यातून साधं टाकतो कारण आमच्या जवळच्या पंपावर ९५ ची नोझल कायम बंद असते. रविवारी परत येताना साताऱ्यातून ९५. दर वेळी हजार-बाराशेचं. निघताना ट्रिप मीटर झिरो करतो आणि पोचल्यावर वाचतो. जाताना १७ किंवा थोडं कमी, येताना १८ च्या वर. सलग तीन फेऱ्यांत असंच झालंय म्हणून तर विश्वास बसला.

टाकीफुल्ल

अहो मालक 😀 तुम्ही पेट्रोल नाही, रस्ता मोजलाय.

सातारा पुण्यापेक्षा शे-दीडशे मीटर उंच आहे. जाताना तुम्ही खंबाटकीचा घाट चढता, येताना बोगद्यातून निघून येता. हजार-अकराशे किलोचं धूड दीडशे मीटर वर न्यायला साधारण दोनशे मिली पेट्रोल जास्त लागतं, तुमचा एका बाजूचा खर्च साडेसहा लिटरच्या घरात, म्हणजे तीन टक्के तिथेच गेले. येताना त्यातलं थोडं उतारावर परत मिळतं. शिवाय शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातून बाहेर पडायचं म्हणजे कात्रज किंवा नवले पुलाच्या त्या गर्दीत अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. रविवारी किती वाजता निघता? दुपारी जेवून लवकर निघत असाल तर रस्ता मोकळाच.

दुसरी गोष्ट, हजार रुपयांचं ९५ म्हणजे ९ लिटर. टाकीत आधीचं साधं १२-१५ लिटर असणार. म्हणजे येताना तुम्ही ९५ वर चालवतच नाही, खिचडीवर चालवता. आणि पुढच्या शुक्रवारी जे "साधं" म्हणून मोजता त्यातही ती खिचडी आहेच.

आता गंमत बघा, तुमचे आकडे शंभर टक्के खरे धरले तरी काय होतं. १०४ ला १७ ने भागा, किलोमीटरला ६ रुपये १२ पैसे. १११.५० ला १८.२ ने भागा, ६ रुपये १३ पैसे. म्हणजे ॲव्हरेज सात टक्के वाढलं आणि पेट्रोलही सात टक्के महाग, हातात शून्य, उलट एक पैसा गेला. वहिनींना हे दाखवू नका. किंवा दाखवाच.

मिस्त्री_मिरज

हितं लोकं आकडेमोड लै करत्यात, पण ऑक्टेन म्हंजे काय ते कुणी सांगंना. तीस वर्सं गॅरेज हाय माझं, जेवढं कळतं तेवढं सांगतो.

गिऱ्हाईक येतंय आणि म्हणतंय मिस्त्री, भारी पेट्रोल टाकलंय, जास्त ताकदीचं. आता ऑक्टेन म्हंजे पेट्रोलची ताकद न्हवं भावा, धीर हाय तो. पिस्टन वर येतो तसा आतला हवा-पेट्रोलचा मिक्स दाबला जातो, दाबला की तापतो. त्यानं तापूनबी दम धरायचा, स्पार्क पडला की तिथनं रांगेनं पेटत जायचं. ज्याच्यात धीर कमी ते पेट्रोल एका कोपऱ्यात आपलं आपणच भडकतंय, स्पार्कवाल्या जाळाची वाटच बघत न्हाई. मग पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यागत आवाज येतो, चढाला चौथ्या गिअरात ॲक्सिलेटर दाबला की जास्त. त्याला नॉकिंग म्हणत्यात, आमच्याकडं म्हणत्यात इंजिन ठोकाय लागलंय. लै दिवस ठोकलं तर पिस्टनला भोकबी पडतंय, मी बघितलाय तसला पिस्टन, अजून दुकानात ठेवलाय, पोरांना दाखवाय.

आता नव्या गाडीत ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो, तो कान लावून बसलेला असतो. ठोकल्याचं ऐकू आलं की ईसीयू, म्हंजे इंजिनाचा कॉम्प्युटर, टायमिंग मागं घेतो, म्हंजे स्पार्क जरा उशिरा. ठोकायचं थांबतं पण पिकअप पडतो, ॲव्हरेजबी थोडं पडतं. जास्त ऑक्टेनचा फायदा कुठं तर हितं. तुमचं इंजिन साध्या पेट्रोलवर ठोकत असंल आणि सेन्सरनं टायमिंग मागं ओढलं असंल, तर ९५ टाकल्यावर ते परत पुढं जाईल आणि जे गेलेलं ते परत मिळंल. साध्यावर ठोकतच नसंल तर ९५ टाका न्हाईतर १०० टाका, इंजिनाला कळतबी न्हाई आत काय ओतलंय.

ह्या तुमच्या बलेनोचं इंजिन साध्या पेट्रोलवरच बसवलंय कंपनीनं. ६८ हजार झालेत म्हंजे आत थोडा कार्बन असंल. कार्बन बसला की आतली जागा कमी होती, दाब वाढतो, मग थोडं ठोकतं. तसल्या गाडीला ९५ नं जरा बरं वाटतं हे खरं. पण ते तापावर क्रोसीन झालं.

आणि सवयबिवय काय लागत न्हाई. भावाला सांगा गाडीये ती, माणूस न्हवं. दोन्ही मिसळली तर मधलं ऑक्टेन होतं, बाकी काय होत न्हाई.

ता. क. टायरमधली हवा बघा आधी. ॲव्हरेजची तक्रार घिऊन येणाऱ्या गाड्यांत निम्म्या गाड्या हवेच्या निघत्यात.

भर_उन्हात_नागपूर

मिस्त्रींचं पटलं. फक्त एक जोडतो, ऊन. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, इंजिनात जाणारी हवाच तापलेली, त्यात एसी फुल, गाडीत पाच माणसं आणि कुलर डिक्कीत (हसू नका, खरंच नेला होता). अशा वेळी माझी जुनी आय-टेन चढावर हमखास टकटक करते. तेव्हा ९५ टाकलं की आवाज बंद होतो, हा अनुभव आहे भाऊ, वाटण्याचा प्रश्न नाही. पण ॲव्हरेज? उन्हाळ्यात एसीनेच एवढं खाल्लेलं असते की अर्ध्या किलोमीटरचा हिशोब कोण करून राहिला. दिवाळीनंतर मी साधंच टाकतो, थंडीत आवाज येतच नाही.

इथेनॉल_नको_रे_बाबा

तुम्ही सगळे मूळ मुद्दा सोडून बोलताय. ॲव्हरेज पडलंय ते इथेनॉलमुळे. माझी २०१६ ची गाडी, आधी १८ द्यायची आता १६.५ देते. साध्यात २० टक्के इथेनॉल मारलंय, म्हणून लोक ९५ टाकतात, त्यात भेसळ नसते. प्रश्नकर्त्याला जो फरक दिसला तो त्याचाच आहे.

केमिकल_लोचा

अर्धं बरोबर, अर्धं चूक.

बरोबर अर्धं आधी. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाजूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. २० टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सात टक्क्यांच्या घरात खाली येते, १० टक्केवाल्या पेट्रोलच्या तुलनेत साडेतीन टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल रोडमॅपमध्येच लिहिलंय की शुद्ध पेट्रोलसाठी डिझाइन केलेल्या आणि ई-१० (१० टक्के इथेनॉल) साठी कॅलिब्रेट केलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-२० वर (२० टक्के) ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, तसल्याच दुचाकीचं ३ ते ४ टक्क्यांनी, आणि ई-१० साठी डिझाइन करून ई-२० साठी कॅलिब्रेट केलेल्या चारचाकीचं १ ते २ टक्क्यांनी. म्हणजे १८ ची १६.८ होणं यात बसतं. बाकीचं तुमच्या गाडीचं वय आणि तुमचा उजवा पाय.

चूक अर्धं आता. पंपावर जे ९५ म्हणून मिळतं त्यातही इथेनॉल असतंच. इथेनॉल नसलेलं म्हणजे ते १०० ऑक्टेनवालं, जे मोजक्याच पंपांवर मिळतं आणि लिटरला १६० च्या घरात पडतं. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुणे होती, मथुरेच्या रिफायनरीत बनतं. इथेनॉल टाळायला म्हणून कुणी ते टाकणार असेल तर सात टक्के ऊर्जेसाठी ५० टक्के जास्त पैसे, हा हिशोब शाळेतलं पोरगंही करेल.

आणि हे वाचून जरा बसून घ्या. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन शंभराच्या वर असतं. म्हणून ते मिसळलं की मिश्रणाचंही वाढतं. ऑगस्ट २०२५ मध्ये ई-२० वरून गदारोळ झाला तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने जो खुलासा काढला त्यात म्हटलं होतं की बीएस-६ पेट्रोलचं ऑक्टेन ९१ होतं, २० टक्के इथेनॉलमुळे ते ९५ पर्यंत गेलं. म्हणजे ज्याला आपण "साधं" म्हणून नाक मुरडतो ते आता ऑक्टेनच्या बाबतीत ९५ च्या बरोबरीला आलंय. मग वरचे साडेसात रुपये कशाचे? मुख्यतः इंजिन साफ ठेवणाऱ्या ॲडिटिव्हचे आणि नावाचे. ॲडिटिव्ह अगदीच बोगस नसतात, इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवरची घाण कमी करतात, पण त्याने या टाकीचं ॲव्हरेज पुढच्या रविवारी वाढत नाही.

इथेनॉल_नको_रे_बाबा

म्हणजे सरकार म्हणतं ऑक्टेन वाढवलं म्हणून थँक्यू म्हणा आणि ॲव्हरेज पडलं त्याचं काय ते नाही बोलायचं. मस्त.

केमिकल_लोचा

ती तक्रार रास्त आहे, त्यावर मी कुठे भांडतोय. ऑक्टेन वाढलं आणि ऊर्जा घटली, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. लोकांच्या डोक्यात ऑक्टेन म्हणजे ऊर्जा असं बसलंय म्हणून गोंधळ होतो, एवढंच म्हणणं.

डेन्व्हरचा_देशपांडे

इथे कोलोराडोत वेगळीच मजा आहे, सांगतो. आमच्याकडे पंपावर ८५, ८७ आणि ९१ अशी तीन बटणं. हो, ८५! नव्याने आलो तेव्हा वाटलं इथलं पेट्रोल भारतापेक्षा भिकार. नंतर कळलं की अमेरिकेत आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात. ऑक्टेन मोजायच्या दोन चाचण्या आहेत, रिसर्च आणि मोटर. भारतात आणि युरोपात रिसर्चचा आकडा लिहितात, इथे दोन्हींची सरासरी, आणि मोटरचा आकडा कायम कमी येतो. त्यामुळे इथलं ८७ म्हणजे साधारण तिकडचं ९१. तेव्हा "अमेरिकेत ८७ आणि आमच्याकडे ९१" असे फॉरवर्ड येतात ते सरळ डिलीट करा.

८५ का चालतं तर डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर, हवा विरळ, सिलिंडरमध्ये हवाच कमी जाते, दाब कमी, म्हणून ठोकत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या काळातला हिशोब आहे तो. आताच्या गाड्यांच्या, खासकरून टर्बोच्या, मॅन्युअलमध्ये किमान ८७ लिहिलेलं असतं, तरी लोक ८५ टाकतात कारण स्वस्त.

इथल्या ट्रिपल-ए नावाच्या मोठ्या वाहनचालक संघटनेने दोनदा हे तपासलंय. २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम घालून पाहिलं, ना ताकद वाढली ना ॲव्हरेज. मग २०१७ मध्ये ज्या गाड्यांना कंपनी प्रीमियमची शिफारस करते (सक्ती नाही, शिफारस) त्या घेतल्या, तिथे ॲव्हरेज सरासरी २.७ टक्क्यांनी वाढलं. आणि दरात फरक किती तर माझ्या इथल्या पंपावर गॅलनमागे ८०-९० सेंट. मी आपलं ८७ टाकतो आणि वाचलेल्या पैशात इंडियन स्टोअरमधून हापूसची पेटी आणतो, जी पेट्रोलपेक्षा महाग आहे, असो.

फियाटवाले_आजोबा

पोरांनो, तुमच्या त्या ईसीयूचं काम आम्ही हाताने करायचो.

माझी फियाट होती १९७४ ची. नाशिक-मुंबई कसाऱ्यावरून जाणं-येणं. नव्वदच्या दशकात पंपावर ८७ आणि ९३ अशी दोन ऑक्टेनची पेट्रोलं असायची. शिसंही असायचं पेट्रोलमध्ये, ठोकू नये म्हणूनच घालायचे ते, १ फेब्रुवारी २००० पासून देशभरात बंद झालं, बरं झालं, काय काय गेलं असेल आमच्या फुप्फुसात. तर ८७ टाकून कसारा चढताना गाडी अशी टकटक करायची की मागे बसलेली आमची सौ. विचारायची, काही तुटलं का हो?

मी काय करायचो, बॉनेट उघडायचं, डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे स्पार्कची वेळ ठरवणाऱ्या डब्याचा, बोल्ट सैल करायचा आणि तो डबा हाताने एवढुसा फिरवायचा. झालं टायमिंग मागे. टकटक बंद, पण गाडी मेल्यासारखी चढायची आणि पेट्रोल जास्त प्यायची. मग कधी ९३ मिळालं की डिस्ट्रिब्युटर उलटा फिरवून टायमिंग पुढे घ्यायचं, लगेच गाडीत जीव यायचा आणि ॲव्हरेजही किलोमीटर-सव्वा किलोमीटरने सुधारायचं. पण ऐका, एकदा आळस केला, ९३ टाकलं आणि डिस्ट्रिब्युटर तसाच ठेवला. काडीचा फरक पडला नाही, नुसते जास्तीचे पैसे गेले. तेव्हाच कळलं की फरक पेट्रोल पाडत नाही, फिरवणारा हात पाडतो. तुमच्या गाडीत तो हात किती फिरायचा हे कंपनीने आधीच ठरवून ठेवलंय, तेवढंच.

मिस्त्री_मिरज

आजोबा, नमस्कार घ्या. एवढं सोपं करून मला सांगता आलं नसतं.

टर्बो_ताई

मी विरुद्ध बाजूने बोलते, सगळेच ९५ ला मोडीत काढतायत म्हणून.

माझी एक लिटरची टर्बो आहे, तीन सिलिंडर, पेट्रोलच्या झाकणाच्या आत ९५ छापलंय. टर्बोमध्ये हवा आधीच दाबून आत ढकलतात, त्यामुळे ठोकायची शक्यता मुळातच जास्त आणि ईसीयूला टायमिंग पुढे-मागे करायला जागाही जास्त. दोन वर्षं सगळी बिलं वहीत लिहितेय (सीए आहे, सवय). चिपळूण-मुंबई मी महिन्यातून एकदा जाते. साध्यावर १६.९ ते १७.३, ९५ वर १७.२ ते १७.८. म्हणजे सरासरी काढली तर दोन-अडीच टक्के, ते पण हायवेला. मुंबईत शिरल्यावर सगळं सारखंच, दोन्हीवर ११. पैशात बघितलं तर तोटाच. पण कशेडीच्या चढाला गाडी जी ओढते त्यात फरक आहे आणि झाकणावर लिहिलंय ते टाकावं या मताची मी आहे, त्यामुळे टाकते. ॲव्हरेजसाठी नाही टाकत.

म्हणून प्रश्नकर्त्याने आधी स्वतःच्या झाकणाच्या आत आणि मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते वाचावं. मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये असतं, पीयूसीच्या खाली, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नसतं बऱ्याच जणांनी.

फटफटी

बुलेटला ९५ टाकल्यावर आवाज सुधारतो का?

मिस्त्री_मिरज

न्हाई.

टाकीफुल्ल

वारजेकर, करायचंच असेल तर नीट करा. एकच पंप, तीच नोझल, गाडी त्याच जागी उभी. पहिल्या कट-ऑफला (नोझल आपोआप बंद होते तिथे) थांबायचं, "सर राउंड फिगर करू का" म्हटलं की नाही म्हणायचं, कारण त्या राउंड फिगरमध्ये अर्धा लिटर जातो आणि २५ लिटरमध्ये अर्धा लिटर म्हणजे दोन टक्के, आपण शोधतोय तोच फरक त्यात बुडाला. फुल टाकी, ४५०-५०० किमी, परत फुल टाकी, किलोमीटर भागिले लिटर. एमआयडीचं तोंड बघायचं नाही. पेट्रोल बदललंत की पहिली टाकी हिशोबात धरायची नाही, त्यात आधीचं मिसळलेलं असतं. आणि मिस्त्रींनी सांगितलेली हवा, ती आधी. मधे भरली तर सगळं परत पहिल्यापासून.

वारजे_टू_सातारा

उशिरा लिहितोय, दोन महिने लागले हे करायला, मधे गाडी सर्व्हिसिंगलाही द्यायची होती ती मुद्दाम पुढे ढकलली.

आधी कबुली. टायरमध्ये हवा २६ पीएसआय निघाली चारही चाकांत. दारावरच्या स्टिकरवर आहे त्यापेक्षा बरीच कमी. मिस्त्री, तुम्ही मिरजेत बसून कसं ओळखलंत माहीत नाही.

हवा भरून मग सुरू केलं. प्रत्येक टाकीत एक सातारा फेरी (जाऊन येऊन) आणि बाकी ऑफिस असं ठेवलं.

साधं, पहिली टाकी ४८६ किमी २७.८ लिटर, म्हणजे १७.५. दुसरी ५०२ किमी २८.४ लिटर, १७.७.

मग ९५ ची एक टाकी सोडून दिली, सांगितल्याप्रमाणे.

९५, पहिली ४७१ किमी २६.६ लिटर, १७.७. दुसरी ४९५ किमी २८.१ लिटर, १७.६.

म्हणजे काय, काहीच नाही. दोन साध्या टाक्यांमध्ये आपापसात जेवढा फरक आहे तेवढाही साधं आणि ९५ मध्ये नाही. आणि एमआयडी या सगळ्या काळात १८.३-१८.४ दाखवत होता, म्हणजे तो पहिल्यापासूनच खोटं बोलतोय. पिकअपबद्दल म्हणाल तर एकदा बायकोने पेट्रोल भरून आणलं आणि कुठलं ते सांगितलं नाही, मी चालवून म्हटलं ९५ आहे, मस्त ओढतेय. साधं होतं. त्यानंतर मी त्या विषयावर घरात बोललेलो नाही.

एका टाकीमागे २१० रुपये जास्त जात होते. आमच्या घरच्यांना कळलंय, आता दर टाकीला त्या पैशांची मिसळ ठरली आहे.

टर्बो_ताई

मिसळ कुठली, पुण्यातली की साताऱ्यातली? ते आधी सांगा.

वारजे_टू_सातारा

जाताना खंबाटकीच्या अलीकडे एक टपरी आहे. घाट चढायच्या आधी 😀

टाकीफुल्ल

मग वजन वाढणार, घाटात परत ॲव्हरेज पडणार. नवीन धागा काढा.